सात घेर आणि एक सुरकुती

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. दोन हजार सोळा साली कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यात मी कामाला लागलो, तेव्हा माझा पडदा आरशासारखा होता. आता मी कोठीत असतो, डोक्यावर प्लास्टरची पोती घेऊन.

मला चालवायची ती इथली आराखडे काढणारी ताई. उरलेल्या पायाचे फितीने मोजलेले सात घेर ती माझ्यात भरी. पडद्यावरच्या सूचनांच्या चौकटी तारांसारख्या रेघांनी जोडल्या, की सात वक्ररेषा एकावर एक उभ्या राहत आणि त्यांच्यावर सलग पृष्ठभाग ताणला जाई, हाडांवर कातडी चढावी तसा. हीच कृत्रिम पायाची खोबण, उरलेला पाय जिच्यात बसतो ती. बघणारे म्हणत, "जादूच आहे बाई!" मी फुलून जाई. म्हातारे मास्तर मात्र बजावत, "जादू राहू दे. आतून हात फिरवल्याशिवाय पाय द्यायचा नाही."

त्याच वर्षी यंत्रात सापडून ताईच्या धाकट्या भावाचा पाय गुडघ्याखाली गेला. त्याचे घेर तिनेच घेतले. प्रत्येक रेषेला आरंभबिंदू असतो. ते सगळे नडगीवर एका ओळीत हवेत. पाचव्या रेषेचा मागे पोटरीवर गेला. पृष्ठभाग पिळला आणि सुरकुती उठली.

"झालं का गं? सोमवारी हजर झालो नाही तर नोकरी गेलीच म्हणून समज," भाऊ दारातून म्हणाला.

"घोड्यावर बसून आलायस का रे?"

"घोडा कुठला, कुबड्यांवर आलोय!"

दोघं हसली. त्या हसण्यात बिंदू शोधायचा राहिला आणि तिने 'सैल' हा पर्याय निवडला. सुरकुती दिसेनाशी झाली, पीळ तसाच राहिला. सैल पृष्ठभाग रेषांना धरून जात नाही, नुसता जवळून जातो. हे तिला ठाऊक होतं. पण चूक झाली की उमटते ती तांबडी चौकट मी दाखवली नाही. माझ्या लेखी चूक नव्हतीच. मास्तर रजेवर होते. आतून हात कुणी फिरवला नाही.

"टोचतंय का रे?" तयार पाय चढवताना तिने विचारलं.

"नवा बूट टोचतो तसं. बसेल."

पीळ रुतत होता त्या जागी त्याला जाणीव कमीच होती. तिसऱ्या आठवड्यात जखम चिघळलेली निघाली. डॉक्टरांनी गुडघाही काढला.

भावाची नोकरी गेली. आता तो खिडकीशी बसून असतो. ताईशी बोलतो, पण पायाला हात लावू देत नाही. तिने हे काम सोडलं. मास्तर वारले. तो आराखडा अजून माझ्या पोटात आहे, गुळगुळीत.

मित्रांनो, डोळ्यांना गुळगुळीत दिसलं म्हणून काम सोडून उठू नका. एकदा आतून हात फिरवा. मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.