सकाळी सातला चार वाजणारे घड्याळ

मी एक जुने चावीचे हातघड्याळ आहे. जन्म रशियातल्या एका कारखान्यात झाला, पहिली तीस वर्षे किर्गिझस्तानच्या डोंगरात गेली, आणि आता मी जपानमधल्या हामामात्सु शहरात, एका स्वयंपाकघरातल्या टेबलावर असतो. काच ओरखडलेली, मुलामा उडालेला. दिवसाकाठी चार मिनिटे मागे पडतो. म्हातारपण म्हटले की हे आलेच, त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे, आणि तीच मला तुम्हाला सांगायची आहे.

मित्रांनो, कारखान्यातले मला फार आठवत नाही. पांढरी टोपी घातलेल्या एका बाईने चिमट्याने माझ्या पोटात चाके बसवली, कानाशी धरून टिकटिक ऐकली आणि पुढच्या घड्याळाला हात घातला. कौतुक नाही की काही नाही. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते सपारबेकच्या मनगटावर. तो डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरचे दूध गोळा करणारी गाडी चालवायचा. पहाटे चारला उठायचा, गार पाण्याने तोंड धुवायचा आणि गाडीला शिव्या घालत ती सुरू करायचा. माझ्या अंगाला दुधाचा, डिझेलचा आणि मेंढीच्या लोकरीचा वास कायमचा चिकटला. मी कधी बंद पडलो नाही. पडलो असतो तर शिव्या मलाही मिळाल्या असत्या.

एका उन्हाळ्यात, खिंडीच्या अलीकडे, एक परदेशी माणूस रस्त्याकडेला बसलेला दिसला. शेजारी छोटी मोटरसायकल, तिची साखळी तुटलेली. हेच शोझो मोचिझुकी. हामामात्सुत मोटरसायकलींची इंजिने जोडण्यात उभा जन्म घालवून ते निवृत्त झाले होते, आणि समुद्र बोटीने व सायबेरिया गाडीने ओलांडून तिथवर पोचले होते. सपारबेकने गाडी थांबवली. दोघांना एकमेकांचे एक अक्षर कळत नव्हते. दोन तास दगडावर हातोडी ठोकून त्यांनी ती साखळी सांधली. मग शोझोंनी आपल्या मनगटावरचे नवेकोरे जपानी घड्याळ काढून सपारबेकसमोर धरले. सपारबेकला वाटले, हा मजुरी देतोय. तो असा भडकला की विचारू नका. तेव्हा शोझोंनी बोटाने मला दाखवले आणि हाताने खूण केली, हे तुला, ते मला.

सपारबेक पोट धरून हसला. "वेडा आहे हा! नवं घड्याळ देऊन माझा खुळखुळा मागतोय!"

मला कुणी विचारले नाही. पण शोझोंच्या मनगटावर चढलो तेव्हा ते मनगट गरम होते, एवढे आठवते.

पुढे कळले की ही त्यांची पद्धतच होती. दर प्रवासाला निघताना साधे, चांगले घड्याळ बांधायचे आणि वाटेत ज्याने मदत केली त्याच्या घड्याळाशी अदलाबदल करून परतायचे. ते म्हणायचे, "दुकानातून घड्याळ घेणाऱ्याला घड्याळच मिळतं. मनगटावरून घेतलं की माणूस मिळतो." मोटरसायकलबद्दलही त्यांची मते अशीच ठाम होती. रविवारी त्यांचे मित्र थोरल्या, चकचकीत गाड्या घेऊन घाटाखालच्या चहाच्या टपरीवर जमत. शोझो आपली एका सिलिंडरची जुनी गाडी घेऊन तिथे जात आणि सगळ्यांना डिवचत. "मोठी गाडी रस्त्याला दाखवायला, छोटी गाडी रस्ता बघायला." आणि शेवटी एक नियम सांगत, "पडलेली गाडी जोवर एकट्याने उचलता येते, तोवरच ती आपली."

मी घरी आलो तेव्हा त्यांची बायको नोबुए दारातच उभी होती. मला बघून ती म्हणाली, "आणलंत आणखी एक? अहो, हे घर आहे की घड्याळांची धर्मशाळा? आणि याला निदान बरोबर तरी लावा."

"बरोबरच आहे ते."

"सकाळचे सात वाजलेत. यात चार वाजलेत!"

"सपारबेककडे चारच वाजलेत. आत्ता उठून गाडीला शिव्या घालत असेल. घड्याळ इथे आलं म्हणून त्याने आपलं गाव का विसरायचं?"

नोबुएने कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी तिनेच चहा ओतता ओतता विचारले, "काय, उठला का तुमचा सपारबेक?"

आम्ही अकरा होतो. रोज सातच्या बातम्यांचे ठोके रेडिओवर पडले की शोझो एकेकाला चावी देत आणि मोठा काटा बारावर आणत. लहान काट्याला मात्र हात लावत नसत. मंगोलियाचे सहा, तुर्कस्तानचा एक, पोर्तुगालचे रात्रीचे दहा. भारतातल्या साताऱ्याच्या एका पंक्चरवाल्याचे घड्याळ तेवढे हेकट. आम्हा सगळ्यांचा मोठा काटा बारावर आणि त्याचा एकट्याचा सहावर, कारण तिथे साडेतीन वाजलेले असत. शोझो त्याला लाडाने 'अर्धं' म्हणत. प्रत्येकाला चावी देताना त्या त्या माणसाची गोष्ट निघे. नोबुएला सगळ्या पाठ होत्या, तरी ती ऐके. माझे ते सुखाचे दिवस होते.

पण एक माणूस या गोष्टी ऐकत नसे. तो म्हणजे त्यांचा मुलगा तात्सुया. तात्सुया गावातल्या छोट्या रेल्वेत गाडी चालवतो. वीस सेकंद उशीर झाला तर प्रवाशांची माफी मागणारा माणूस. शोझो तुर्कस्तानात असताना नोबुएला पहिल्यांदा इस्पितळात न्यावे लागले होते, आणि रात्रभर बाकावर बसला होता तो एकटा तात्सुया. ते त्याच्या मनातून गेले नव्हते. एकदा आमच्याकडे बघून तो म्हणाला, "अकरा घड्याळं, बाबा, आणि एकही बरोबर नाही."

"बरोबर आहेत. तुझ्यासाठी नाहीत, एवढंच."

शोझोंनी हे बोलायला नको होते. तात्सुयाने चपला घातल्या आणि गेला. त्यानंतर त्याने आमच्याबद्दल कधी काही विचारले नाही, आणि शोझोंनीही आपणहून सांगितले नाही. बाप तसा लेक, दोघेही हट्टाला पेटलेले.

नोबुए गेली. शोझो तिच्या फोटोसमोर चहा ठेवून आम्हाला चावी देऊ लागले. मग हळूहळू गोष्टी निसटायला लागल्या. शेजारणीचे नाव गेले. जेवण झाले की नाही ते आठवेना. गाडीची किल्ली तांदळाच्या डब्यात सापडली. एके दिवशी अंगणात गाडी कलंडली आणि ती त्यांना उचलता आली नाही. तीन वेळा त्यांनी हँडलला खांदा लावला. सून मिहो भाजी घेऊन आली तेव्हा ते पडलेल्या गाडीशेजारी मांडी घालून बसले होते.

"बाबा, थांबा, मी धरते."

"नको. दोघांनी उचलली तर ती माझी नाही."

दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत जाऊन त्यांनी आपला वाहन परवाना स्वतःच्या हाताने परत केला. त्याच आठवड्यात गाडी विकली गेली. तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला, आणि शोझो आत येऊन पाठमोरे बसून राहिले.

तरीही सकाळचे सात शाबूत होते. मला उचलायचे, माझे चार बघायचे आणि म्हणायचे, "चार. सपारबेक." मग साखळी, हातोडी, तो दगड, त्याचे हसणे, सगळे ओळीने बाहेर यायचे. काल काय झाले हे ज्या माणसाला सांगता येत नव्हते, त्याला ती खिंड दगडादगडानिशी सांगता येत होती. माझ्यात काही जादू नव्हती. पण ते चार दिसले की त्यांना वाट सापडत असे. आम्हा अकरा जणांकडे आता त्यांचे सारे प्रवास होते. माझ्यासारख्या खुळखुळ्याला एवढे महत्त्व आयुष्यात कधी आले नव्हते.

फेब्रुवारीत त्यांच्या छातीत कफ भरला आणि तीन आठवडे त्यांना इस्पितळात ठेवले. चावी द्यायला कोणी नाही, म्हणून आम्ही एकेक करून बंद पडलो. मी नऊ वीसला थांबलो.

बाबा घरी येणार म्हणून तात्सुयाने रजा घेतली. त्याने खिडक्या पुसल्या, चटया झटकल्या, आईच्या फोटोची काच लख्ख केली. मग तो आमच्यासमोर बसला. इतकी वर्षे जो आमच्याकडे बघत नव्हता, त्याने प्रत्येकाला मऊ फडक्याने पुसले. मला तर आनंदच झाला.

मिहो म्हणाली, "अहो, बाबांना विचारून लावा ना. त्यांचं काहीतरी असतं त्यात."

"बंद घड्याळांच्या घरात माणसाला आणायचं का? आजवर त्यांच्यासाठी काही केलं नाही गं मी. एवढं तरी करू दे."

आणि मित्रांनो, ज्या घड्याळावर तो रेल्वे चालवतो ते समोर ठेवून, त्याने सेकंदाच्याही हिशेबाने आम्हा अकरा जणांना जपानची वेळ लावली. साताऱ्याच्या हेकटालाही. माझा लहान काटा फिरताना मला ओरडावेसे वाटले. पण घड्याळाला टिकटिकीपलीकडे आवाज नसतो. इतक्या मायेने कुणी मला कधी हाताळले नव्हते, आणि इतके मोठे नुकसानही कुणी केले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर ठोके पडले. शोझोंनी मला उचलले. बराच वेळ बघितले.

"सात."

मला ठेवून त्यांनी मंगोलियाला उचलले. "सात." तुर्कस्तान. "सात." त्यांचे हात भराभर चालू लागले. "अर्धं कुठाय? यात एक अर्धं होतं." अकराही पाहून झाली, तेव्हा त्यांनी हात मांडीवर ठेवले. तात्सुया कौतुकाच्या अपेक्षेने समोरच बसला होता. त्याच्याकडे वळून शोझोंनी अगदी हळू विचारले, "मी कुठं गेलोच नव्हतो का रे?"

तात्सुयाचा चेहरा मी पाहिला. कुठल्याही मुलाचा तसा चेहरा मला पुन्हा बघायचा नाही.

त्या दिवशी त्याने कपाटातून शोझोंचे जुने पासपोर्ट काढले, त्यातले शिक्के बघून देशांची यादी केली, प्रत्येक देशाची वेळ लिहिली. पण कुठले घड्याळ कुठल्या देशाचे? साताऱ्याचे तेवढे ओळखता आले, कारण त्याच्या तबकडीवर देवनागरी आकडे आहेत. ते साडेतीनला लावल्यावर शोझोंनी त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "टायर." एवढेच. बाकीच्यांसाठी तात्सुया एकेक घड्याळ त्यांच्या तळहातावर ठेवून विचारत राहिला, "बाबा, हे कुणाचं?"

माझी पाळी आली. शोझो मला कानाशी घेऊन ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे त्या समुद्रकाठच्या बाईचं. पोर्तुगाल. मी पावसात भिजलो होतो. तिने मला मासे तळून दिले." आणि बाईची ती गोष्ट त्यांनी जवळजवळ पूर्ण सांगितली. डोळ्यांत पाणी आले होते त्यांच्या.

तात्सुयाने मला हातात घेतले. माझ्या तबकडीवर रशियन अक्षरे आहेत, ती त्याने वाचण्याचा प्रयत्न केला. तो काही दुधखुळा नाही. पोर्तुगालात असली अक्षरे नसतात हे त्याला कळले होते. माझ्या चावीवर त्याची बोटे थांबली. सेकंदाला जपणारा तो माणूस क्षणभर वडिलांकडे बघत राहिला, आणि मग त्याने मला दहाला लावले.

"बरोबर, बाबा. पोर्तुगालच."

तेव्हापासून सकाळी सातला मी दहा दाखवतो. तात्सुयावर माझा राग नाही. पण सपारबेकचे नाव त्या घरात आता कोणी घेत नाही. तो पहाटे उठत असेल, की नसेलही, कोण जाणे. त्याची खिंड, तो दगड, ती हातोडी माझ्या पोटात आहे आणि ती बाहेर काढायची चावी कोणापाशी नाही. याचे दुःख मला फार होते.

मित्रांनो, तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांपाशीही अशा काही चुकीच्या वाटणाऱ्या वस्तू असतील. चुकीच्या जागी ठेवलेला डबा, न फाडलेले जुने कॅलेंडर, बंद पडलेला दिवा. त्या नीट करायची घाई करू नका. आधी शेजारी बसा आणि विचारा. उत्तर ऐकायला वेळ नसेल, जुना राग मनात असेल, तरी विचारा. त्या दिवशी चपला घालून गेल्यापासून तात्सुयापाशी त्यासाठी नऊ वर्षे होती, आणि प्रश्न एका वाक्याचा होता.

आता तो रोज कामावर जाण्याआधी येतो, आम्हाला चावी देतो, आणि मला वडिलांच्या हातात ठेवून विचारतो, "बाबा, हे कुठलं?"

शोझो मला बघतात, मग त्याला बघतात, आणि अनोळखी पाहुण्याशी बोलावे तसे अदबीने हसून म्हणतात, "तुम्हीच सांगा."