मुखत्यार

गल्लीत सगळे तिला बाइंडरबाई म्हणत. त्या सकाळी खळ शिजवून ती नेहमीसारखी पुस्तकबांधणीचे पुठ्ठे कापत बसली होती. नवरा जाऊन तीन महिने झाले होते. दुकान आणि वरची खोली आता तिच्या नावावर होती. तेवढ्यात दीर कागद घेऊन आला.

"वहिनी, उद्या नोटरीकडे जाऊ. मला मुखत्यार नेमा, की सुटलात."

"म्हणजे काय हो, भावजी?"

"मुख म्हणजे तोंड! दुकान-खोलीच्या व्यवहारात तुमच्या तोंडाने मी बोलणार. तुम्हाला कशाला ती दगदग?"

काय ती माया! बाइंडरबाई विरघळलीच होती. पण तो गेल्यावर मागच्या खोलीतून मोठी जाऊ पुटपुटली, "यालाच मीही दिलं होतं गं माझं तोंड." तीही विधवाच. तिचं घर विकलं गेलं, हे तिला नवे मालक कुलूप बदलायला आले तेव्हा कळलं. आता दीर तिच्या खोलीला बाहेरून कडी घालायचा. का, तर म्हणे तिला चक्कर येते!

बाइंडरबाईने सुरी खाली ठेवली. शाळेचा एक जुना शब्दकोश बांधणीला आला होता. त्याच्या सुट्या पानांत तिने 'मुखत्यार' हा शब्द शोधला. मूळ अरबी. मुखाशी काडीचा संबंध नाही. मुख्तार म्हणजे निवडलेला.

तिने कडी काढून जावेला ते पान दाखवलं.

"निवडलेला?" जाऊ म्हणाली. "मला तर कुणी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी नोटरीने बोट ठेवलं, "इथे सही."

बाइंडरबाईने पेन खाली ठेवलं. "मुखत्यार म्हणजे निवडलेला माणूस ना, साहेब? मी यांना निवडलेलं नाही."

दिराने आवाज खाली आणला. कालचं अहो-जाहो पार गळून पडलं होतं. "घरी चल. एकटी किती दिवस टिकतेस, बघतोच."

ती भ्यायली. का नाही भिणार? राहायचं त्याच्यासोबत एकाच घरात होतं. पण सही न करताच ती उठली.

नोटरीने मान वर न करता पुढच्यांना बोलावलं. तसाच मुखत्यारपत्राचा कागद घेऊन एक म्हातारी आली. मुलाने तिचा अंगठा आधीच शाईत बुडवला होता.

बाइंडरबाई दारातून परत फिरली. "आजी, यांना तुम्ही निवडलंय का?"

म्हातारीने उत्तरासाठी मुलाकडे पाहिलं. बाइंडरबाई खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली.