प्यो साहेबांचं कार्ड

बॉयलरच्या कारखान्यातून निवृत्त झालो आणि महिन्याभरात घरात माझी किंमत किमचीच्या बरणीपेक्षा खाली आली. बरणीला निदान कोणीतरी रोज उघडून बघतं.

मी प्यो गी-ह्वान, कोरियातल्या देगू शहरचा. पूर्वी विभागप्रमुख, हल्ली बायकोच्या पायात येणारा इसम. आमच्याकडे दोन माणसं भेटली की आधी दोन्ही हातांनी कार्ड देतात, मग बोलतात. माझं कार्ड गेलं, तसा मीही गेलो.

म्हणून फोनवर ती जाहिरात दिसली तेव्हा मी पार हुरळलो. ‘अनुभवी, वयस्क व्यक्ती हव्यात. पद व्यवस्थापकाचं. मुलाखत नाही.’

“मुलाखत नाही?” माझी बायको मि-रान म्हणाली. “ऑफिस बघितलं नाही, साहेबाचं तोंड बघितलं नाही. अहो, डोकं ठिकाणावर आहे ना? मी भोपळासुद्धा टिचकी मारून घेते!”

“अनुभवाची कदर करणारी माणसं असतात,” मी म्हणालो आणि तडक छापखाना गाठला. काम काय ते कळायच्या आत माझी कार्डं तयार होती. जाड कागद, सोनेरी अक्षरं, खाली माझा नंबर.

साहेबांचा फोन आला. एका इमारतीखाली एक आजी पिशवी देतील, ती घ्यायची. नाव सांगायचं नाही, जास्त बोलायचं नाही. मनात शंकेची पाल चुकचुकली, नाही असं नाही. पण कोणीतरी मला ‘प्यो व्यवस्थापक’ म्हणत होतं ना! मी टाय घट्ट केला.

आजी आल्या. एप्रनच्या खिशात फोन, छातीशी पिशवी. मी कमरेत वाकलो आणि साहेबांची ताकीद साफ विसरून दोन्ही हातांनी कार्ड पुढे केलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते हे.

आजींनी कार्ड लांब धरून वाचलं. “प्यो? माझी आई प्योंचीच! घरातलाच निघालास की रे.” मग त्या जवळ सरकल्या. “माझ्या मुलाला आता सोडतील ना? गाडीखाली कोणी आलं म्हणून पोलिसांनी धरलंय त्याला. फोनवर रडत होता. घरात होते नव्हते ते सगळे पैसे आणलेत बघ.”

मी मनात म्हणालो, अरे मूर्खा, ही कसली नोकरी धरलीस!

“आजी, मुलाला परत फोन केलात?”

“पोलीस म्हणालेत, हा फोन ठेवायचा नाही. चालूच आहे,” त्यांनी खिसा दाखवला.

मी माझा फोन काढला, आजींनी नंबर सांगितला. पलीकडून मुलगा तोंडात घास धरून बोलला, “हॅलो? जेवतोय हो, कोण?” आजी तिथेच पायरीवर बसल्या आणि पिशवी कवटाळून रडायला लागल्या.

तेवढ्यात एप्रनच्या खिशातून साहेब ओरडले, “प्यो! काय चाललंय तिथे?”

सांगायला लाज वाटते, पण मी ताठ उभा राहिलो आणि त्या एप्रनला वाकून म्हणालो, “माफ करा, साहेब!” मग भानावर आलो. “आणि हा माझा राजीनामा,” म्हणालो आणि पोलिसांना फोन लावला.

पोलिसांनी मलाही नेलं. “पैसे न्यायला आलेले तुम्हीच ना?” अधिकाऱ्याने विचारलं, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. म्हातारपणी तुरुंग! पण आजी पुढे झाल्या आणि टेबलावर कार्ड आपटलं. “नाव-नंबर देऊन कोणी लुटतं होय?”

कार्ड साऱ्या चौकीत फिरलं आणि सारी चौकी हसली. लोक आपल्याला हसतायत म्हणून एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. मि-रान न्यायला आली. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, “भोपळा.”

उरलेल्या कार्डांच्या मागे ती आता भाजीची यादी करते. एकच कार्ड कामाला लागलं, ते आजींच्या फ्रिजवर आहे. अनोळखी फोन आला की त्या मला विचारतात. आता त्यांच्या शेजारणीही विचारतात.

काल जेवताना फोन वाजला. “प्यो साहेब, एक जण बँकेतून बोलतोय म्हणतो. खरा का खोटा?”

मी चमचा ठेवून उभा राहिलो. “काही देऊ नका आजी, मी आलोच.” आणि मि-रानला म्हणालो, “कामाचा फोन आहे.”

ती उठली आणि माझा टाय घेऊन आली.