झोपेतली चाचणी

पोरगी झोपली की माझी कचेरी उघडायची. पडदे ओढलेले, टेबलावर औषधाच्या आठ बाटल्या, समोर कॅमेऱ्याचे दोन सेन्सर. त्यातला एक कारखान्यातल्या यंत्रहाताचा डोळा म्हणून निवडायचा होता. बाळंतपणानंतर साहेबांनी एवढंच काम हातात दिलं होतं, आणि स्पष्ट सांगितलं होतं, "हे जमलं तर ये परत. नाहीतर तुझी जागा भरावी लागेल."

पहिला सेन्सर चित्र ओळीओळीने टिपायचा, वरून खाली. दुसरा सगळं एका क्षणात. पण अंधुक उजेडात त्याच्या चित्रात मुंग्यांसारखे ठिपके यायचे. पहिल्याचं चित्र त्या खोलीतही लख्ख. लेबलावरचं बारीक अक्षरसुद्धा वाचता यायचं.

सासूबाई दारातून कुजबुजायच्या, "पोरीला झोपवून बाटल्या मांडतेस. कुणी पाहिलं म्हणजे?"

"रिकाम्या आहेत हो, आई."

"तेच तर. वाटेल, सगळ्या संपवल्यास!"

हसू दाबत मी पोरीला थोपटायचे, पुन्हा टेबलाशी यायचे. तीन आठवड्यांनी साहेबांना कळवलं, पहिला सेन्सर घ्या.

कारखान्यात पट्टा सुरू झाला, बाटल्या धावू लागल्या, आणि संगणकाच्या पडद्यावर सगळ्या एका बाजूला कललेल्या. वरची ओळ टिपून खालची टिपेपर्यंत बाटली पुढे सरकत होती. यंत्रहातही तिरका वळला. एक बाटली पाडली, दुसरी चिरडली. फिटरकाकांनी धावत जाऊन पट्टा बंद केला.

"हलत्या बाटलीवर तपासलं नव्हतंस?" साहेबांनी विचारलं.

नव्हतं. त्या खोलीत काही हलू नये, याचाच तर माझा आटापिटा असायचा. हे त्यांना कसं सांगणार?

"जाऊ दे," ते म्हणाले. "लेकीकडे बघ आता." आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले तरी असते.

घरी आले तर खोलीत ऊन होतं. पोरगी रांगत झेपावली. पहिल्या सेन्सरचा परत करायचा नमुना अजून टेबलावर जोडलेलाच होता. मी तिचं एक चित्र टिपलं. तिरकी, ओघळल्यासारखी आली. मागची चित्रं चाळली. बाटल्यांमागे ती कितीदा तरी होती, रेखीव, मिटल्या डोळ्यांची. जागेपणीचं एकही नव्हतं.

ती मांडीवर चढली. माझा हात आपोआप तिच्या पाठीवर थोपटू लागला, झोप गं, झोप. आणि मला कळेना, आता हिला कशासाठी झोपवतेय मी.