ताटातली दोन यानं

माझा राग नाकावर असतो, हे मला मान्य आहे. अठ्ठावीस वर्षं तोफखान्यात काढली, त्यातली शेवटची नऊ नव्या पोरांना तोफ शिकवण्यात. तिथे गोड बोलून काही होत नाही. आणि शरूसारख्या माणसाशी पस्तीस वर्षं मैत्री टिकवायची तर राग लागतोच. त्याच्याइतका हेकट माणूस मी उभ्या आयुष्यात बघितला नाही.

शरू म्हणजे शरच्चंद्र. जहाजावरचा इंजिनिअर. अर्धी नोकरी समुद्रावर, उरलेली कोलकात्याला, खिदिरपूरच्या गोदीत जहाजं दुरुस्त करण्यात. आमची ओळख झाली इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत. मुलांनी अवकाशातल्या लढाईचं नाटक बसवलं होतं. पुठ्ठ्याची यानं होती आणि पडद्यामागे कुणीतरी पत्रा बडवून धडाम् धडाम् करत होतं. शेजारच्या खुर्चीवरचा एक टकलू मोठ्याने म्हणाला, "तिथे हवाच नाही, आवाज कसला डोंबलाचा!" मी म्हटलं, "आवाज नसेना का, गोळा लागला म्हणजे झालं." तो माझ्याकडे वळला. आरती झाली, प्रसाद वाटून संपला, मांडवातल्या खुर्च्या उचलल्या, तरी आमचं भांडण चालूच.

तेव्हापासून, दोघंही इथे असलो की, दर शनिवारी मी बराकपूरहून सकाळची लोकल पकडतो, सियालदाला उतरून बस धरतो आणि दहाच्या सुमाराला शरूच्या दारात उभा राहतो. वादाचा विषय एकच. माणसं अवकाशात लढली तर कशी लढतील, आणि मुळात लढू शकतील का? मी तोफेच्या बाजूचा, तो इंजिनाच्या. त्याचं म्हणणं, लढाई राहू दे, आधी यानाची उष्णता कुठे टाकणार ते सांग. जहाजाचं बरं असतं, इंजिन तापलं की समुद्राचं पाणी फिरवायचं. वर ना पाणी ना वारा. लेझर डागलास तर आपल्याच यानात भाजून मरशील. उष्णता बाहेर टाकायला शिडाएवढे पत्रे पसरावे लागतील, आणि शत्रू पहिला नेम त्यांच्यावरच धरेल. मी म्हणायचो, मग तोफ घे, तिला कुठे पाणी लागतंय? तो म्हणायचा, तोफेचा मागचा धक्का काय तुझा बाप सोसणार? मग वृंदावहिनी, म्हणजे त्याची बायको, स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "आधी चहा संपवा, मग जग संपवा!"

चार महिन्यांपूर्वी एका शनिवारी मी त्याला बरोबर कोंडीत पकडलं. म्हटलं, समज, दोन यानं पृथ्वीभोवती एकाच कक्षेत फिरतायत. शत्रू पुढे, मी मागे. मी वेग वाढवतो, त्याला गाठतो आणि उडवतो. आता कुठे आडवं आलं तुझं इंजिन?

शरू मिशीतल्या मिशीत हसला. "दत्तोबा, असा तू त्याला जन्मात गाठायचा नाहीस."

"का म्हणून?"

माझ्या बसची वेळ झाली होती. "पुढच्या शनिवारी सांगतो," तो म्हणाला. "तोवर डोकं खाजव."

बुधवारी त्याला झटका आला.

जीव वाचला. पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. मराठी, हिंदी, इंग्रजी, बंगाली, चारही भाषांत मला शिव्या घालणारा माणूस, त्याच्या तोंडून एक शब्द निघेना. समजायचं सगळं. बोलायला शिकवणाऱ्या एक बंगाली बाई आठवड्यातून दोनदा घरी यायच्या आणि चित्रांची कार्डं दाखवायच्या. गाय. छत्री. सफरचंद. शरू भिंतीकडे तोंड करून बसायचा. ज्याने आयुष्यभर जहाजांची इंजिनं सांभाळली त्याला म्हातारपणी गाय ओळखायला सांगितली तर तो दुसरं काय करणार?

त्या बाईंनी त्याच्या मुलीला, नूपुरला, स्पष्ट सांगितलं. शब्द डोक्यात आहेत, तोंडापर्यंतची वाट तुटली आहे. जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत येतं. आणि मारूनमुटकून येत नाही, त्यांना स्वतःला बोलावंसं वाटलं पाहिजे. घरात ज्या भाषेत भांडता त्याच भाषेत त्यांच्याशी बोला.

नूपुरने मला फोन केला. पोरगी कोलकात्यात जन्मली, इथेच वाढली, सॉल्ट लेकला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिचं मराठी जरा वाकडंतिकडं, पण सांगायचं ते नेमकं सांगते. "दत्ताकाका, तुम्हीच काही करा. बाबा आता राग पण करत नाही."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मग मी एक बेत केला. शरूला जगात बाकी सगळं सहन होतं, चुकीचं बोललेलं सहन होत नाही. तेव्हा आपण चुकीचं बोलायचं. चवताळून उठला पाहिजे गडी.

पहिल्या शनिवारी गेलो आणि बसल्या बसल्या ठोकून दिलं, "शरू, मला पटलं बघ. वर एवढा गारठा, यान आपोआपच थंड होणार. पत्रे-बित्रे काही नकोत." पूर्वी एवढ्यावर अर्धा तास गेला असता. त्याने माझ्याकडे बघितलं, ओठांच्या कोपऱ्यातून थोडासा हसला आणि डाव्या हाताने माझा हात थोपटला. जाऊ दे दत्तोबा, असं थोपटला.

दुसऱ्या शनिवारी म्हटलं, लेझरचा किरण लाख मैलांवरही सुईएवढाच बारीक राहतो. त्याने डोळे मिटून घेतले. तिसऱ्या शनिवारी तर मी कमालच केली. म्हटलं, नाटकात पत्रा बडवत होते ना, तेच बरोबर होतं, वर चांगला धडाम् आवाज येत असणार. माझ्याच कानाला ते इतकं खोटं वाटलं की मान वर करवेना. वर बघितलं तेव्हा शरूचे डोळे भरले होते. मी मुद्दाम चुकतोय हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. लहान मुलाशी खेळताना आपण हरतो ना, तसा मी त्याच्याशी हरत होतो, आणि तेच त्याला लागलं होतं.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी स्वतःला काय काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही.

त्या दोन यानांची गोष्ट मात्र मी एकदाही काढली नव्हती. का, तेही सांगतो. तो वाद मी जिंकलो होतो, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. चार महिने डोकं खाजवलं, मला त्यात खोट सापडली नाही. पुढच्याला गाठायचं तर वेग वाढवायचा, यात सांगण्यासारखं काय आहे? शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि ज्याला उत्तर देता येत नाही त्याला कसलं हरवायचं? तो डाव मी मनातल्या मनात बंद करून ठेवला होता.

चौथ्या शनिवारी गेलो तो डोक्यात राख घालूनच. बस तारातळ्याला अर्धा तास अडकली होती. वर आलो तर शरू खिडकीशी खुर्चीत, गोदीच्या क्रेनकडे बघत. समोर टेबलावर ती गाय आणि ती छत्री. वहिनींनी ताटात चिवडा आणि वाटीत दही आणून ठेवलं, म्हणाल्या, "बसा भावजी, मी पोळ्या उरकते," आणि आत गेल्या. शरूने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग माझं टाळकं सटकलं.

"हे बघ शरू," मी म्हटलं, "खोटं बोललो, चुकलो. तीन शनिवार तुझी कीव केली, माफ कर. आता करणार नाही. तुझा-माझा एक डाव राहिलाय. मी जिंकलोय, पण तू सांगायचा राहिलास. तर आज मांडतोच."

गाय आणि छत्री उचलून खिडकीत ठेवली. चिवडा एका कागदावर ओतला, ताट पुसलं, दह्याची वाटी मधोमध ठेवली. "ही पृथ्वी." चिवड्यातले दोन शेंगदाणे घेतले आणि ताटाच्या काठाच्या जरा आत, एकामागे एक ठेवले. "हा पुढे शत्रू. हा मागे मी. मी इंजिन पेटवतो, वेग वाढवतो." माझा दाणा पुढे सरकवला. "गाठला. तोफ डागली. खलास! बोल, कुठे चुकलो?"

'बोल' म्हटलं आणि जीभ चावली. पण शरूची नजर ताटावर होती. त्याचा डावा हात हळूच वर आला आणि त्याने माझा दाणा परत मागे नेऊन ठेवला.

मी पुन्हा पुढे सरकवला. त्याने पुन्हा मागे नेला. आणि मग बोटाने वाटीकडे, आतल्या बाजूला ओढला.

"तिकडे कुठे? शत्रू पुढे आहे, आत नाही!"

त्याच्या कपाळाची शीर टरारली. ओठ हलायला लागले. "आ... आ..." आणि मग एकदम, "आधी. खाली."

"खाली काय खाली?" मी ताटावर वाकलो. "खाली जायचं तर वेग कमी करावा लागेल. वेग कमी केला तर मी मागे पडेन ना रे बाबा! साधा हिशोब आहे!"

"नाही." त्याने मान जोरात हलवली. बोट वाटीच्या कडेकडेने फिरवलं. "आतली... वाट... छोटी."

"छोटी असली म्हणून?"

"लवकर." बोटासरशी तो दाणा वाटीला चिकटून गरकन अर्धी फेरी घेऊन पुढच्या दाण्याच्याही पुढे गेला. "मग... वर."

"आणि समजा मी वेग वाढवलाच तर?"

त्याने दाणा धरला आणि बाहेर, थेट ताटाच्या काठावर नेऊन ठेवला. तिथून तो लांबच्या लांब फेरी मारायला लागला. शत्रूचा दाणा जागच्या जागी, माझा मागे, आणखी मागे. "वर. मोठी... वाट. मागे." श्वास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "गाढव."

"गाढव कुणाला म्हणतोस रे?" मी खुर्ची सारून उभाच राहिलो. "अठ्ठावीस वर्षं तोफखान्यात काढलीत मी! तू मला नेम शिकवणार? चार महिने मी या गोष्टीवर—"

"भावजी."

दारात वृंदावहिनी उभ्या होत्या. हातात लाटणं, मनगटापर्यंत पीठ, आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा. "भावजी, हळू," त्या म्हणाल्या. "ते बोलतायत हो."

मी शरूकडे बघितलं. तोही माझ्याकडे बघत होता. घामाने निथळत होता बिचारा, डोंगर चढून आल्यासारखा, आणि मिशीतल्या मिशीत हसत होता. आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. शपथ घेऊन सांगतो, माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी त्याच्याशी भांडत होतो, आणि भांडताना समोरचा बोलतो, यात नवल ते काय?

वहिनी आत नूपुरला फोन लावायला धावल्या. पिठाच्या हातांनी नंबर लागेना, तर तिथूनच मला हाका मारायला लागल्या. मी खाली बसलो. शरूने ताटावर टकटक केली आणि भुवई उडवली. कळलं का, असं विचारायची ती त्याची जुनी पद्धत.

कळलं होतं. त्याने दाणा वाटीला चिकटून फिरवला तेव्हाच लख्ख कळलं होतं. परेडमध्ये रांग वळवताना आतला जवान जागच्या जागी पावलं टाकतो आणि बाहेरच्याला धावावं लागतं, हे मी हजार पोरांना शिकवलंय. पस्तीस वर्षांत मी शरूपुढे कधी 'कळलं नाही' असं म्हटलेलं नाही. कळलं नसतानाही म्हटलेलं नाही.

मी दोन्ही दाणे उचलले आणि पुन्हा पहिल्या जागी, एकामागे एक ठेवले.

"नाही कळलं," मी म्हटलं. "पहिल्यापासून सांग."

शरूने डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. माझी खोटं बोलायची पद्धत त्याच्याइतकी दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

"गाढव," तो म्हणाला, या वेळी अगदी स्वच्छ, आणि डाव्या हाताने दाणा उचलला.