येथे कोणी बसू नये

मित्रांनो, मी धाड गावच्या बंद पडलेल्या पीठगिरणीची एक जुनी पाटी आहे. तेलाच्या डब्याचा पत्रा सरळ करून गिरणीवाल्या जानरावांनी मला बनवले. लाल रंगाने स्वतःच लिहिले, ‘येथे कोणी बसू नये’, आणि मला बाकाच्या वर ठोकले. बाक दळणाच्या डब्यांसाठी होता. पण बाया डबे खाली रांगेत लावत आणि स्वतः बाकावर बसत. माझे कोणी ऐकत नसे, आणि मला त्याचे जराही वाईट वाटत नसे. गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून काय गप्पा चालायच्या!

मग घरोघरी चक्क्या आल्या. गिरणी थांबली. मी पाण्याच्या टाकीचे झाकण झाले, तोंड पाण्याकडे. मला वाचणारे कोणी उरले नाही.

जानरावांची मुलगी सुवर्णा चित्रकला शिकलेली. प्रदर्शनात मांडायला तिने मला टाकीवरून उचलले, तशी तिची लहानगी छकुली माझ्याकडे झेपावली. सुवर्णाने पटकन तिचा हात धरला. आधी माझा धारदार कोपरा दुमडला, मगच धूळ पुसली.

“ही तं माही पाटी,” जानराव म्हणाले. “याच्यात तुहं काय वं?”

“काहीच नाही, बाबा. फक्त जागा बदलून राह्यली. लोक वाचतील, हसतील अन् बसतील. कोणी बसलं तरच माहं काम पुरं.”

बुलढाण्याच्या प्रदर्शनात पांढऱ्या भिंतीवर मी, खाली तोच बाक. बाजूला चिठ्ठी: ‘शब्द जानरावांचे, जागा सुवर्णाची.’ लोक आले, हसले, फोटो काढून गेले. बसले कोणीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा सगळे माझे ऐकत होते, आणि इतके एकटे मला टाकीवरही वाटले नव्हते. सुवर्णा छकुलीला कडेवर घेऊन दाराशी उभी, येणाऱ्या प्रत्येकाचे गुडघे बसायला वाकतात का, ते बघत.

शेवटच्या दिवशी धाडच्या कलाबाई आल्या आणि सरळ बाकावर टेकल्या.

“आजी, पाटी वाचा ना,” रखवालदार म्हणाला.

“वाचली नं बापा. लय वरसांपासून वाचून राह्यली.” कलाबाई जरा सरकल्या. “ये वं सुवर्णा, पोरीले घेऊन बस. दळणाचा नंबर लागाले टाइम हाये.”

सुवर्णा हसत हसत बसली. छकुली बाकावर उभी राहिली आणि माझ्या दुमडलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवू लागली.

आता सगळे गेले आहेत. बाक रिकामा आहे. उद्या मी कुठे असेन, ठाऊक नाही. पण मित्रांनो, माझ्यासारखी एखादी पाटी दिसली, तर तिला भंगारात टाकण्याआधी एवढे करा. तिचे ऐकू नका. घटकाभर बसा.