हत्तींचा मार्च

हरिश्चंद्र बावीस वर्षं सर्कशीत ट्रम्पेट वाजवत होता. बारा वर्षांपूर्वी सर्कस मोडली तेव्हा तो देवगडला गावी परतला आणि सहा जणांची बँडपार्टी काढली. वरातीतले दारुडे सांगतील ते वाजवायचं आणि जेवून घरी यायचं.

यंदा बंदरावर मासळी बाजाराची नवी शेड झाली. उद्घाटनाला मुंबईहून मोठे साहेब येणार होते. गावचे पुढारी भाई आठवडाभर आधीच हरिश्चंद्राच्या घरी येऊन बसले.

"मास्तर, लग्नाची गाणी नको. मार्च होयो. साहेबांका लष्कराची सलामी घेतल्यासारख्या वाटाक होया."

"मार्च आसत," हरिश्चंद्र म्हणाला. "चार आसत."

चारही सर्कशीतले होते. भाईंनी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. एक हत्तींचा, एक घोड्यांचा, एक जोकरांचा. चौथा अडचणीचा. झुल्यावरून कोणी पडलं की तो जोरात सुरू करायचा. जोकर धावत येऊन गोंधळ घालायचे आणि लोक पडलेल्याला विसरायचे.

गाडीतून आधी पोट उतरलं, मग साहेब. हरिश्चंद्राने नजरेनेच वजन जोखलं आणि हत्तींचा मार्च धरला. तुकारामने ढोलावर धीमा ठेका दिला. आठव्या पावलाला साहेब डुलायला लागले.

टोपलीमागे बसलेल्या यमुनाबाईने कान टवकारले आणि शेजारच्या सावित्रीला कोपराने ढोसलं.

"गो, हो तर हत्तीचो मार्च! कुडाळाक सर्कस इल्ली तेव्हा तीनदा बघलंय मी."

तिने हात सोंडेसारखा वर केला. पाठोपाठ सगळ्या मासेवाल्यांनी सोंडा उचलल्या. साहेबांना वाटलं, काय हे प्रेम! त्यांनीही हात वर केला. शेडमध्ये हसण्याचा स्फोट झाला.

"बदला तो! दुसरो वाजवा!" भाई किंचाळले.

हरिश्चंद्राने घाईत जोकरांचा धरला. त्याची लय दुप्पट. साहेबांची पावलं पळायला लागली, नव्या लादीवर मासळीचं पाणी होतं, आणि साहेब फितीसमोर धपकन बसले.

हरिश्चंद्राच्या ओठांना बावीस वर्षांची सवय. चौथा मार्च आपोआप सुरू झाला. कार्यकर्ते धावले. एकाने साहेबांचा हात ओढला, दुसऱ्याने पाय, तिसरा कात्रीच्या तबकासकट भाईंवर कोसळला. शिट्ट्या, टाळ्या! साहेब उठले, टाळ्या ऐकल्या आणि कमरेत वाकून नमस्कार केला. मग तर पब्लिक वेडं झालं.

भाषण संपल्यावर हरिश्चंद्र शेडमागे डोळे पुसत उभा होता.

"भाईंका घाबरलास?" तुकारामने विचारलं.

"नाय रे. बारा वर्षांनी शिट्टी आयकलंय."

तेवढ्यात भाई तणतणत आले. त्यांनी शिवीसाठी तोंड उघडलं, पण मागोमाग साहेबांचे सेक्रेटरी आले.

"साहेब खूश आहेत. लोक भाषण संपेपर्यंत बसले, असं पहिल्यांदाच झालं. पुढच्या महिन्यात कुडाळला सभा आहे. तिथेही तुम्हीच."

"लोक आणखी कोण पडता काय बघूक बसलेले," तुकाराम पुटपुटला.

भाईंनी तोंड मिटलं. हरिश्चंद्र घसा खाकरून ऑफिसातल्या मराठीत म्हणाला, "येऊ. पण आम्ही वाजवायला लागलो की साहेबांनी बोलणं थांबवायचं. रिंगणाचा नियम आहे."

सेक्रेटरींनी ते वहीत लिहून घेतलं.